हार्मोनिअमवर गाणाऱ्यांनी गिटारवर पहिली गाणी कशी बसवावीत?

धागाकर्ता: मांडवीकाठ

नमस्कार मंडळी,

अकूस्टिक गिटार नव्याने हाती घेणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना गाणे आधीपासून येत असते. घरच्या आरत्या, भजनी मंडळ, शाळेतली समूहगीते किंवा हार्मोनिअमचे थोडेफार शिक्षण यांतून सूर आणि ताल अंगवळणी पडलेले असतात. तरीही गिटार शिकताना हीच मंडळी पाटी पूर्ण कोरी असल्यासारखी सुरुवात करतात, पहिल्या तारेवर एकेक स्वर शोधून धून काढतात, आणि साथीची मजा कळण्याआधीच गिटार कपाटावर जाऊन बसते. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याला गाता येते त्याने सुरुवातीला धुनेच्या मागे लागू नये. धून गळ्यात आहेच. हातांनी फक्त तिला आधार द्यायचा आहे, आणि तो आधार दोन-तीन कॉर्डमध्ये (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या गटांत) देता येतो.

पहिले काम पट्टी ठरवण्याचे. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये गाणे शिकवणाऱ्याच्या आवाजाच्या पट्टीत असते. ती आपली पट्टी असेलच असे नाही. गाणे ओढूनताणून म्हणावे लागले की दोष गिटारला दिला जातो. हार्मोनिअमवर आपण कोणत्या पट्टीत सहज गातो हे माहीत असेल तर निम्मे काम झाले. कॉर्डच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी पाच म्हणजे जी. काळ्या पट्ट्यांसाठी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा. तो एकेक फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधले घर) पुढे सरकवला की पट्टी अर्ध्या अर्ध्या स्वराने चढते. जीच्या कुटुंबातल्या, म्हणजे जीला सा मानून येणाऱ्या, कॉर्ड पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवल्या की काळी चार मिळते आणि तिसऱ्यावर लावला की काळी पाच. अनेक स्त्रियांच्या आवाजाला या दोन पट्ट्या सोयीच्या पडतात. डीच्या कुटुंबाला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी दोन. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांनी एच्या कुटुंबातल्या कॉर्ड घेऊन कॅपो चौथ्या फ्रेटवर लावावा. सीच्या कुटुंबाला पहिल्यावर कॅपो लावूनही तीच पट्टी येते, परंतु मग एफ कॉर्ड आडवी येते आणि नवशिक्याची तिथेच दमछाक होते.

कॉर्ड म्हणजे काय, हे हार्मोनिअमवाल्यांना एका वाक्यात सांगता येते. षड्जाची कॉर्ड म्हणजे सा, ग, प एकत्र. मध्यमाची म्हणजे म, ध, सा. आणि पंचमाची म्हणजे प, नी, रे. जीला सा मानले तर या तीन कॉर्ड जी, सी आणि डी होतात. या तिघींत मिळून सप्तकातले सातही शुद्ध स्वर येतात, म्हणून साध्या चालीच्या असंख्य गाण्यांना एवढ्या कॉर्ड पुरतात. कुठे कोणती कॉर्ड घ्यायची, हे चालीतला ठाशीव स्वर कोणता यावरून कळते. ओळ जिथे टेकते तिथे सा, ग किंवा प असेल तर जी. ध वर रेंगाळत असेल तर सी. रे किंवा नी वर थांबून पुढची ओळ मागत असेल तर डी. काही दिवसांत कान हे आपोआप सांगू लागतो, कारण हे सगळे स्वर आपण नावानिशी ओळखतो.

बोटांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अडते ते इथेच. (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी.) जीसाठी मधले बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, आणि अनामिका व करंगळी अनुक्रमे दुसऱ्या व पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवा. आता अनामिका आणि करंगळी जागची न हलवता मधले बोट आणि तर्जनी यांना एकेक तार खाली, म्हणजे बारीक तारांच्या दिशेने, सरकवा. ही सीची एक सोपी आवृत्ती झाली. तिच्यात प हा स्वर मिसळलेला असल्याने ती थोडी उघडी ऐकू येते आणि साथीला छान चालते. डीकडे जातानाही अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच राहते. तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधले बोट पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. एक बोट कायम दाबलेले राहिल्यामुळे हाताला खूण मिळते आणि फ्रेटबोर्डकडे सारखे पाहावे लागत नाही. बोटे फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून पण तिच्या मागे टेकवा. दोन पट्ट्यांच्या मध्यावर दाबले तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते.

डाव्या हातापेक्षा मला उजवा हात अधिक महत्त्वाचा वाटतो. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबला की गाणे तुटते, आणि हात थांबण्याची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. आपल्याकडे केरवा सर्वांच्या अंगात आहे, त्याचाच उपयोग करावा. आठ मात्रा मोजा आणि हात सतत खाली-वर हलता ठेवा: विषम मात्रांना खाली, सम मात्रांना वर. तारांना स्पर्श मात्र १, ३, ४, ६, ७ आणि ८ या मात्रांनाच करा. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात हवेतूनच जाऊ द्या. नवशिक्यांना सर्वत्र शिकवले जाणारे ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हे स्ट्रमिंग ते हेच. केरव्यात पाचव्या मात्रेला काल (टाळी न देण्याची जागा) असतो आणि तिथे डग्गा गप्प असतो. या स्ट्रमिंगमध्येही नेमकी तीच मात्रा रिकामी जाते. तबल्याचा ठेका लावून सराव केला तर हे तत्काळ जाणवेल. कॉर्ड वेळेवर बदलली नाही तर बदलली नाही, उजव्या हाताने मोकळ्या तारा वाजवून पुढे जावे.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

---

प्रतिसाद: निशिगंध

अतिशय उपयुक्त धागा. पट्टीचा मुद्दा वाचून बराच उलगडा झाला. मी काही वर्षे तानपुऱ्यावर गायन शिकले आहे, त्यामुळे ट्यूनर न वापरता कानानेच तारा लावते. ई कॉर्ड वाजवून ती सुरेल होईपर्यंत तारा जुळवल्या की ती अगदी गोड वाजते. परंतु त्यानंतर जी किंवा डी घेतली की काहीतरी बिनसलेले ऐकू येते. पुन्हा जी जुळवावी तर ई बिघडते. हा वाद्याचा दोष समजावा काय?

---

प्रतिसाद: अनाहत

@निशिगंध, वाद्यात दोष नाही आणि तुमच्या कानात तर मुळीच नाही. तुमचा कान तानपुऱ्याचा आहे, त्यामुळेच हा फरक इतक्या लवकर लक्षात आला.

तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचे षड्जाशी प्रमाण ५:४ असते. गिटारचे फ्रेट मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, आणि त्या हिशेबातला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी चढा. ई कॉर्डमध्ये गंधार वाजतो तो तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. तुम्ही ई गोड करण्यासाठी ती तिसरी तार नकळत तेवढी उतरवता. आता जी कॉर्ड घेतली की तीच मोकळी तिसरी तार षड्ज होते, आणि सहाव्या तारेवरचा षड्ज मात्र आपल्या जागी असतो. दोन षड्ज एकमेकांशी न जुळणे कोणत्याही कानाला सहन होत नाही. डी कॉर्डमध्ये त्याच तारेवर पंचम येतो आणि तोही उतरलेला राहतो.

उपाय असा की कोणत्याही एका कॉर्डवरून तारा लावू नयेत. ट्यूनर वापरावा, किंवा पाचवी तार ११० हर्ट्झच्या ‘ए’ला लावून बाकीच्या तारा केवळ षड्जांच्या जुळणीवरून पडताळाव्यात. उदाहरणार्थ, चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मोकळी सहावी तार, किंवा तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार. या दोन्ही जोड्या एका सप्तकाच्या अंतरावर आहेत. त्यानंतर ई कॉर्डमधला गंधार किंचित तीक्ष्ण लागेल. तो तसा राहू द्यावा आणि गाताना आपला गंधार आपल्या जागी लावावा. हार्मोनिअमच्या साथीवर गाणारे कलावंत पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत.

एक व्यावहारिक सूचना: कॅपो लावल्यावर तारा पुन्हा एकदा तपासा. कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, आणि कॅपो तिरका बसला तर काही तारा जास्त चढतात.

---

प्रतिसाद: वर्धाकाठ

धागाकर्त्यांशी मी अंशतः असहमत आहे. साथ आधी शिकावी हे मान्य, परंतु ‘धुनेच्या मागे लागू नये’ हा सल्ला फार काळ पाळला तर हात कॉर्डच्या ठरावीक आकारांतच अडकतो. एकेक स्वर वाजवण्याचा फायदा धून येण्यापुरता नाही. कोणता स्वर कोणत्या तारेवर कुठे आहे हे त्यातूनच कळते आणि बोटे एकमेकांपासून स्वतंत्र हलू लागतात. ज्यांनी अलंकार घोटले आहेत त्यांनी तेच अलंकार गिटारवर पहिल्या तीन फ्रेटमध्ये वाजवून पाहावेत. सीला सा मानले तर पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटपर्यंत पूर्ण सप्तक मिळते: पाचव्या तारेवर सा, चौथीवर मोकळा रे, मग ग आणि म, तिसरीवर मोकळा प आणि दुसऱ्या फ्रेटला ध, दुसरीवर मोकळा नी आणि पहिल्या फ्रेटला वरचा सा. रोज एवढे वाजवले तरी पुढे पुष्कळ सोपे जाते.

शिवाय आमच्या विदर्भातल्यांसाठी एक गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. गिटार बाहेर टांगून ठेवू नये. केसमध्ये ठेवावी आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावी.

---

प्रतिसाद: मांडवीकाठ (धागाकर्ता)

@वर्धाकाठ, आपला मुद्दा रास्त आहे. माझा आग्रह क्रमापुरता आहे. आधी दोन-तीन गाण्यांना अडखळत का होईना साथ करता यावी, म्हणजे वाद्य रोज हातात घ्यावेसे वाटते. त्यानंतर अलंकार सुरू केले तर ते टिकतात. आपण दिलेली सप्तकाची मांडणी उत्तम आहे, नव्या मंडळींनी ती वहीत उतरवून घ्यावी.

@अनाहत, स्वयंभू गंधाराचे स्पष्टीकरण फार मोलाचे आहे. गाणाऱ्यांना गिटार बेसूर वाटते याचे खरे कारण बहुधा हेच असते आणि शिकवणीत त्याचा उल्लेखही होत नाही.

---

प्रतिसाद: निशिगंध

@अनाहत, तिसरी तार ट्यूनरवर लावली आणि जी-डीमधला त्रास थांबला. मनापासून आभार.

आता पुढची शंका. मी बहुतेक अभंग आणि भजने गाते, काळी चारमध्ये. त्यांतली पुष्कळशी भैरवीत आहेत. जी, सी, डी तिथे अजिबात जुळत नाहीत. भैरवीला गिटारची साथ करताच येत नाही का?

---

प्रतिसाद: अनाहत

येते, आणि नवशिक्याच्या आवाक्यातली येते; फक्त सा वेगळ्या ठिकाणी धरावा लागतो. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल. गिटारवर ईला सा मानले तर भैरवीचे सगळे स्वर मोकळ्या, विनाकॅपोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात. षड्जाची कॉर्ड ई मायनर, मध्यमाची ए मायनर, कोमल धैवताची सी आणि कोमल निषादाची डी मायनर. यात कोमल रिषभाची कॉर्ड एफ येते, परंतु तिची सोपी आवृत्ती घेता येते: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधले बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्याला, पहिली तार मोकळी आणि जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. ती मोकळी पहिली तार म्हणजे तुमचा षड्जच असल्याने ती भैरवीत खटकत नाही. ए मायनरवरून सीवर जाताना फक्त अनामिका हलते, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनी आणि मधले बोट जागीच राहतात.

काळी चारसाठी कॅपो चौथ्या फ्रेटवर लावा.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. भैरवीत पंचमाची कॉर्ड नीट बनत नाही, कारण प, कोमल नी आणि कोमल रे हे एकत्र वाजले की प आणि रे यांतले अंतर अपुरे पडते आणि कॉर्ड लंगडी ऐकू येते. म्हणून ओळ पंचमावर थांबली तर ई मायनरच ठेवावी. दुसरे असे की, भजनात आणि ठुमरीत भैरवी गाताना शुद्ध रिषभ किंवा इतर स्वरही घेतले जातात. अशा जागी कॉर्ड बदलण्याची घाई न करता षड्जाच्या कॉर्डवर थांबून राहावे. रागाची जागा दाखवण्याचे काम गळ्याचे आहे.

हेही नको असेल तर आणखी साधा मार्ग आहे. सहावी तार ईवरून एका स्वराने उतरवून डीला लावा. आता सहावी, पाचवी आणि चौथी या मोकळ्या तारा खर्जातला सा, प आणि त्यावरचा सा अशा लागतात. अंगठ्याने त्या सावकाश, तानपुऱ्याच्या चालीने छेडत राहा आणि गा. ही पांढरी दोन झाली. कॅपो पहिल्यावर लावला की काळी दोन. गंधार वाजतच नसल्यामुळे पंचम असलेला राग कोणताही असो, साथ खटकत नाही. डाव्या हाताला कामच नसल्याने अगदी पहिल्या दिवशीही गाणे म्हणता येते.

---

प्रतिसाद: तिसवाडी

गोव्यातून लिहीत आहे. आमच्याकडे मांडो आणि दुल्पद हे कोकणी गीतप्रकार घराघरांतून म्हटले जात आले आहेत आणि त्यांना व्हायोलिन, घुमट (मातीचे तालवाद्य) यांच्या जोडीने गिटारही असते. दुल्पदाचा सहा मात्रांचा डौल ज्यांनी ऐकला आहे त्यांना दादऱ्यातली आरती किंवा ओवी गिटारवर बसवणे कठीण जाणार नाही. धाग्यात दादरा राहून गेला आहे म्हणून लिहितो.

दादऱ्याला पिकने (तारा छेडण्याच्या चकतीने) सगळ्या तारा झोडपू नयेत. पहिल्या मात्रेला अंगठ्याने कॉर्डची जाड तार वाजवावी, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रांना तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी तिसरी, दुसरी आणि पहिली या तारा एकदम हलकेच ओढाव्यात. चौथ्या मात्रेला अंगठा वेगळ्या जाड तारेवर जातो, पुन्हा पाचवी-सहावी मात्रा बोटांनी. सी कॉर्डमध्ये अंगठा आधी पाचवी आणि मग चौथी तार घेईल; जीमध्ये सहावी आणि मग चौथी; डीमध्ये चौथी आणि मग पाचवी. या एका बदलाने साथ एकदम भरीव वाटू लागते आणि गाणाऱ्याचा आवाज दबत नाही.

---

प्रतिसाद: घाटमाथा

वादन जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांची गिटारच मुळात नीट लावलेली नसते. गिटार दुरुस्तीचे काम करत असल्याने हे पाहतो.

घरी करता येईल अशी एक चाचणी सांगतो. ए मायनर किंवा सी या पहिल्या फ्रेटवर बोट लागणाऱ्या कॉर्ड वाजवून पाहा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून त्याच कॉर्ड एक फ्रेट पुढे वाजवा. कॅपो लावल्यावर दाबणे एकदम सोपे झाले, तर वरच्या टोकाच्या नटच्या खाचा उथळ आहेत आणि तारा तिथे गरजेपेक्षा उंच बसल्या आहेत. जाणकाराकडून खाचा योग्य खोलीच्या करून घ्याव्यात. हे काम छोटेसे आहे आणि त्याने बोटांचे दुखणे निम्म्यावर येते. कॅपो लावूनही जड जात असेल तर बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीन-चार असेल तर सेटअप करून घ्यावाच. नव्या माणसाने .०१० किंवा .०११ इंच जाडीच्या पहिल्या तारेचा संच घ्यावा, .०१२चा नंतर.

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. .०१२च्या स्टीलच्या संचाचा एकूण ताण साधारण सत्तर किलोंच्या घरात जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास असतो. ब्रिज (फळीवरची तारा अडकवण्याची पट्टी) उखडून आलेल्या अशा गिटारी दर वर्षी दुरुस्तीला येतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात लाकूड ओलावा शोषते, पुढची फळी फुगते आणि तारांची उंची वाढते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने वरून आणि खालून पुसाव्यात.

---

प्रतिसाद: हिमरेषा

मिनेसोटात राहते. @घाटमाथा, आमची अडचण नेमकी उलटी आहे. हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला की हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि फळीला चीर पडण्याची भीती असते. गिटारच्या पोकळीत ठेवायचा ह्युमिडिफायर वापरून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवतो. भारतातून गिटार आणणाऱ्यांनी हे पहिल्याच हिवाळ्यापासून करावे.

एक प्रश्न: इथल्या गणेशोत्सवात आरत्यांना गिटारची साथ करण्याचा आमच्या मुलांचा विचार आहे. मुले दहा-अकरा वर्षांची आहेत. काय काळजी घ्यावी?

---

प्रतिसाद: मांडवीकाठ (धागाकर्ता)

@हिमरेषा, उत्तम विचार. या वयाच्या मुलांना तीन-चतुर्थांश आकाराची गिटार आणि शक्यतो नायलॉनच्या तारा द्याव्यात. बोटे कमी दुखतात आणि फ्रेटमधले अंतरही आवाक्यात येते.

समूहातल्या आरतीत दोन गोष्टी हमखास होतात: पट्टी हळूहळू चढते आणि लय वाढते. गिटारला मध्येच पट्टी बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक आरतीआधी हार्मोनिअमवर सा द्या, आणि मुलांचा सराव मोठ्यांच्या पट्टीतच करून घ्या. मोठ्यांची पट्टी काळी एक असेल तर ए, डी, ई या तीन कॉर्ड आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो. सगळ्या मुलांनी तिन्ही कॉर्ड वाजवल्याच पाहिजेत असेही नाही. एकाने फक्त ए वाजवावी आणि ए नसेल तेव्हा हात तारांवर टेकवून आवाज बंद ठेवावा, दुसऱ्याने डी आणि ई सांभाळाव्यात. लय वाढू लागली की आठही मात्रा वाजवण्याचा हट्ट सोडून पहिल्या आणि पाचव्या मात्रेला एकेकदा खाली वाजवावे. टाळ आणि टाळ्या बाकीचे भरून काढतात.

सरावासाठी आधी दोन ओळींचे ध्रुवपदच घ्या. ते न थांबता जमले की मग कडव्याकडे वळावे.